औषध-चाचणीतील परिचारिकेला कायम जागा हवी



गस्तीवरच्या गँगमनला रुळाचा तडा दिसला नाही, तर इंजिन कितीही नवे असो, गाडीचा भरवसा नाही. मूत्रपिंडाच्या आजारावरील औषधाची चाचणी चालते, तेव्हा ही गस्त बहुधा संशोधन परिचारिका घालते.

‘टेस्टिंग’ नावाच्या चाचणीचेच पाहा. आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या विकारात स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग होतो का, हे भारत, चीन, मलेशिया, ऑस्ट्रेलिया व कॅनडा या देशांत तपासले गेले. २०१५ पर्यंत २६२ रुग्ण दाखल झाले. गोळ्या घेणाऱ्या १३६ पैकी ११ जणांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, त्यांत दोघे दगावले. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत असा एकही नव्हता. भरती थांबली. पुढे मात्रा कमी करून व संसर्ग रोखणारे औषध जोडून चाचणी पुन्हा सुरू झाली. २०२२ साली एकूण ५०३ रुग्णांचा निष्कर्ष आला : औषधाने मूत्रपिंडाची झीज मंदावते, आणि कमी मात्रेत गंभीर त्रासही कमी होतो.

हा धोका नोंदींमुळे कळला. ताप कोणाला आला, गोळी कोणी चुकवली, क्रिएटिनिन किती वाढले, हे विचारून लिहिणारे माणूस लागते. रुग्णालयांत हे काम मुख्यतः परिचारिका व समन्वयक करतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे गंभीर घटना २४ तासांत कळवण्याची जबाबदारी संशोधक डॉक्टरची आहे. पण डॉक्टरांच्या कानावर ती पुष्कळदा परिचारिकाच घालते.

आणि तिची नेमणूक? अनेक ठिकाणी कंत्राटी. प्रकल्प संपला की नोकरी संपली. भरतीचा आकडा गाठण्याचा तगादा असताना, “या रुग्णाला नीट समजलेले नाही, सही घेऊ नका,” असे तिने कोणाच्या जोरावर म्हणावे? नोकरी पक्की नसली की तोंड उघडणे किती अवघड, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून आमची मागणी आहे : मोठ्या सरकारी रुग्णालयांत संशोधन परिचारिकेचे कायम पद निर्माण करा. तिचा पगार औषध कंपनीच्या मर्जीवर ठेवू नका. हरकत थेट एथिक्स कमिटीपुढे मांडण्याची तिला मुभा द्या.

उद्या आपल्यापैकी कोणाला अशी चाचणी सुचवली गेली, तर संमतिपत्राची प्रत मागा, शंका विचारा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई हा आपला हक्क आहे. मधेच बाहेर पडण्याचाही आहे. आणि कागद समजावून सांगणाऱ्या ताईंना विचारा, “ताई, तुमची नोकरी कायम आहे का?”