कार्डाचे कर्ज आणि कर्जमुक्तीचा बाजार

वऱ्हाडातील माणसाला कर्जमाफी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. २००६ सालच्या जूनअखेर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी आली. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली आणि २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजना. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, ऑक्टोबरात आंदोलक नागपूरच्या वेशीवर ठाण मांडून बसले आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन राज्य सरकारला द्यावे लागले. वीस वर्षांत एवढ्या वेळा मोडली आणि पुन्हा मांडली गेलेली कर्जाची वही देशात फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आली असेल.

या अनुभवातून वऱ्हाड दोन गोष्टी शिकला. पहिली ही, की माफीची मर्यादा आखणाऱ्याच्या हाती पट्टी असते आणि ती पट्टी जमिनीची जात ओळखत नाही. २००८ च्या योजनेत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. कोरडवाहू वऱ्हाडात सात-आठ एकर कापूस पेरणाऱ्याची मिळकत पाण्याखालच्या दोन एकरांहून कमी भरते. पण तो नियमात बसेना. सावकाराचे देणे तर हिशेबातच नव्हते. दुसरी गोष्ट अधिक कडू होती. २०१७ साली दीड लाखाहून अधिक थकबाकी असणाऱ्याने वरची रक्कम आधी स्वतः भरावी, मग दीड लाखाचा लाभ घ्यावा, अशी अट होती. ज्याच्याजवळ भरायला पैसा नाही, त्यालाच आधी भरा म्हणायचे! आणि ज्याने बायकोच्या अंगावरचे सोने मोडून वेळेवर हप्ते भरले, त्याच्या पदरात पडले ते जास्तीत जास्त २५ हजारांचे प्रोत्साहन. माफीचा लाभ कोणाला, हे ठरविताना गरज आणि प्रामाणिकपणा या दोहोंनाही दुय्यम स्थान मिळाले.

हा अग्रलेख मात्र शेतकऱ्याच्या कर्जाविषयी नाही. त्याच अमरावतीत नि त्याच अकोल्यात, पक्क्या घरांतून, पगाराच्या पावतीआड दडलेले एक दुसरे कर्ज वाढत आहे. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, कारण ते कोणी बोलूनच दाखवत नाही. ते कर्ज क्रेडिट कार्डाचे. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहणारा शिक्षक, मुलीच्या शिकवणी वर्गाची फी कार्डावर भरणारे अकोल्याचे कुटुंब, पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागून पहिल्याच वर्षी तीन कार्डे खिशात बाळगणारा आणि चौथ्या वर्षी नोकरी गमावलेला वऱ्हाडचा मुलगा, ही मंडळी उधळी नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण त्यांना ऐकवतो. पण अंथरूणच रात्रीतून कोणी ओढून नेले तर पाय कोठे ठेवायचे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. रुग्णालयाचे बिल हे काही चैनीचे लक्षण नव्हे.

या कर्जाची चाल समजून घेतली पाहिजे. कार्डावर एक लाख रुपये थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे आणखी ६३० रुपये. बँकेने मागितलेली ‘किमान रक्कम’ पाच हजार धरली, तर ती भरल्यावर मुद्दलातून जेमतेम ८७० रुपये वजा झाले. गृहस्थाला वाटते, आपण हप्ता चुकवला नाही. त्यातच बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतल्या दिवसापासून त्यावर व्याज चढते. आता हेच एक लाख रुपये १६ टक्के दराने तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जात बदलून घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३,५१६ रुपये बसतो. म्हणजे कार्डावर जे पैसे नुसत्या व्याजात जातात, तेवढ्याच पैशांत छत्तीस महिन्यांनी कर्ज संपते! ही तुलना घरातल्या एखाद्या पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडे दामदुपटाचा नियम होता. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही, हे हिंदू विधीतील जुने तत्त्व मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत आली आणि सावकारांसाठी केलेल्या कायद्यानेही ते उचलले. बँकांना ते लागू नाही. बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ तर न्यायालयाला बँकेचा व्याजदर अवाजवी ठरवण्यापासूनच रोखते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सावकाराला जे बंधन घातले, ते शहरातल्या काचेच्या इमारतीला नाही, हा विरोधाभास समाजाने डोळ्यांआड करू नये. तूर्त मात्र वस्तुस्थिती ही आहे आणि कर्जदाराला तिच्यातूनच वाट काढायची आहे.

वाट म्हटली की लगेच ‘सेटलमेंट’ हा शब्द कानी येतो. दोन लाख थकले, बँक लाखावर मिटवायला तयार आहे. ऐकायला किती गोड! ज्याचे उत्पन्नच बुडाले आहे, ज्याच्यापाशी नातलगांनी जमवून दिलेली एकरकमी रक्कम आहे, पण पुढे हप्ता भरण्याची काहीही शक्यता नाही, त्याने तो मार्ग जरूर घ्यावा. त्यात लाज कसली? परंतु ज्याला पगार आहे, त्याने त्याची किंमत आधी मोजावी. असे खाते पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत ‘फेडले’ म्हणून लागत नाही, ‘तडजोडीने मिटवले’ म्हणून लागते. ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड करणाऱ्या शेतीबाह्य कर्जदाराला त्याच संस्थेने निदान बारा महिने नवे कर्ज द्यायचे नाही. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा आज वाचवलेल्या लाखाची आठवण बँकेचा अधिकारी करून देईल. आणि तडजोड करायचीच तर बँकेच्या शीर्षपत्रावर रक्कम, मुदत व ‘यापुढे काही येणे नाही’ हे शब्द हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. फोनवरचा शब्द कागद नसतो. पैसे बँकेच्याच खात्यात जावेत, वसुली करणाऱ्याच्या हातात नव्हे.

आमच्या मते पगार चालू असलेल्या कुटुंबाने आधी बँकेलाच विचारावे, की ही बाकी हप्त्यांत बदलून मिळेल काय. बहुतेक बँका ते करतात आणि व्याज कार्डापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यानंतर आपल्या पगारदार सहकारी पतसंस्थेकडे वळावे. ही पतसंस्था आपल्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या दारात जाणे टाळण्यासाठीच उभी केली. तिच्या सभेला वर्षातून एकदा लाभांशापुरते जाणाऱ्या आपल्याला तिचा विसर पडला आहे. सोने तारण ठेवणे हाही रास्त उपाय आहे, मात्र हप्ता चुकला तर लिलाव होतो, हे स्त्रियांना सांगून मगच दागिना कपाटातून काढावा. कार्डे मोकळी होताच ती पुन्हा वापरली, तर एका कर्जाची दोन होतात. या मार्गाने गेलेली निम्मी घरे येथेच फसतात असे वाटावे, इतकी ही चूक सर्रास आहे.

आणि ती मधली मंडळी! ‘तुम्ही हप्ते भरणे थांबवा, दरमहा आमच्याकडे पैसे जमा करा, बँकेशी आम्ही बोलू,’ असे सांगणारे. हप्ते थांबताच दंड, व्याज आणि वसुलीचे फोन कर्जदाराच्या वाट्याला येतात आणि शुल्क त्यांच्या. त्याहून निर्लज्ज ते, जे शुल्क घेऊन ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देऊ करतात. ११ डिसेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला अशा जाहिरातींविरुद्ध जनतेला जाहीर इशारा द्यावा लागला. ज्या जिल्ह्यांनी सरकारी माफीच्या याद्यांसाठी रात्ररात्र रांगा लावल्या, तेथे असे प्रमाणपत्र खरे वाटणे अवघड नाही. म्हणूनच तेथे हा इशारा घरोघर पोहोचायला हवा.

वसुलीच्या भयाने माणसे जिवावर उदार होतात, म्हणून कायदा काय म्हणतो हे स्पष्ट सांगतो. कार्डाचे देणे थकणे हा दिवाणी मामला आहे. केवळ पैसे भरता आले नाहीत म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, कुटुंबीयांना वा मित्रांना छळू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ते मोडले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, आणि हे सारे विनाशुल्क आहे. न्यायालयाचा हुकूमनामा झालाच, तरी पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग जप्तीबाहेर असतो. सरकारी निवृत्तिवेतन व भविष्य निर्वाह निधी यांना तर हात लावता येत नाही.

तरीही पुण्यातल्या मुलाच्या थकबाकीसाठी अमरावतीतल्या बापाला फोन येतो आणि तो बाप आपल्या निवृत्तीची पुंजी काढून देतो. बापाचे ऋण मुलाने फेडणे हे आपल्याकडे धर्मकर्तव्य मानले गेले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने त्याची न्यायालयीन सक्ती संपली. केवळ त्या कर्तव्याच्या आधारावर धनको आता मुलाला न्यायालयात खेचू शकत नाही. सज्ञान मुलाच्या कार्डाला बाप जामीन नसेल, तर त्याच्यावर तर कायद्याची कोणतीच जबाबदारी नव्हती आणि नाही. त्याने मदत करू नये असे आम्ही म्हणत नाही. कुटुंब म्हणतात ते यालाच. पण ती मदत त्याने सारी कार्डे, सारी विवरणे, सारा आकडा समोर मांडून घेतल्यावर करावी. दूरध्वनीवरच्या उर्मट आवाजाला घाबरून नव्हे. बहुतेक घरांत खरा आकडा बायकोला शेवटी कळतो आणि आईवडिलांना त्याहून शेवटी. पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देतात. तो मागवून दिवाणखान्यात सर्वांसमोर वाचणे कठीण आहे, पण त्याआधी सुचवलेला कोणताही उपाय अंधारातला आहे. वस्तीतील कार्यकर्त्यांनी अशा घरी जावे ते उपदेशाची पोथी घेऊन नव्हे; बँकेला द्यायचा अर्ज लिहून द्यावा, जमल्यास शाखेत सोबत जावे. कोपऱ्यावरच्या चर्चेत त्या घराचे नाव निघाले, तर विषय बदलावा.

मात्र सर्व भार घरावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तीसाठी एक संपूर्ण भाग लिहिला आहे. अत्यल्प उत्पन्नाच्या माणसाला नव्याने आरंभ करण्याची तरतूद त्यात आहे. डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. उद्योगपतीसाठी न्यायाधिकरण उघडले; शिक्षकाच्या, कारकुनाच्या वाट्याला मात्र १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आणि जिल्हा न्यायालयाची तारीख उरली.

याच मातीतून निघालेला एक दाखला सरकारला द्यावासा वाटतो. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले असताना त्यांनी कर्ज लवादाच्या कायद्याचा पुरस्कार केला आणि १९३३ मध्ये तो झाला. त्यात कोणाचे कर्ज सरसकट माफ झाले नाही. धनको व ऋणको यांना एका मंडळासमोर बसवून कर्जाचा आकडा झेपेल इतका खाली आणायचा, हप्ते बांधून द्यायचे, हा त्याचा गाभा होता. आज अमरावतीला किंवा अकोल्याला असे मंडळ बसवायचे तर नवा विचार शोधावा लागत नाही. कार्ड देणाऱ्या बँकांना त्यापुढे येण्याची सक्ती, मंडळासमोर प्रकरण असेतो व्याजाला विराम, आणि हप्ते पुरे करणाऱ्याच्या नोंदीत ‘तडजोड’ऐवजी ‘फेड’ हा शब्द, एवढे तीन बदल पुरेत. पहिल्या दोहोंना कायदा लागेल. तिसरे रिझर्व्ह बँकेला एका परिपत्रकाने करता येण्यासारखे आहे.