सकाळी संगणक का रेंगाळतो?

मैत्रिणींनो, रेणापूरहून रोज लातूरच्या एका मोठ्या कचेरीत जाणारी भगिनी विचारते, “दहाला बटण दाबते, काम सुरू व्हायला सव्वादहा होतात. खिडकीशी ताटकळणारे लोक मलाच बोलतात. साहेब म्हणतात, नवेच संगणक घेऊ.”

थांबा बाई, आधी घड्याळ पाहा! पासवर्ड मागेपर्यंत किती मिनिटं गेली आणि पासवर्ड दिल्यावर किती, हे वेगवेगळं लिहा. शेजारच्या टेबलांवरचंही लिहा.

तुमचाच एक अडत असेल तर खोट त्याच्यातच. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत सुरू होतानाच जागे होणारे नको ते प्रोग्रॅम दिसतात. तंत्रज्ञाला विचारून ते बंद करा. व्हायरसरक्षकाला मात्र हात लावू नका हं. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवली तरी पुष्कळदा तोच संगणक चटकन उठतो.

पण पासवर्डनंतर सगळ्यांचेच अडत असतील, तर संगणक बदलून काय होणार? मोठ्या कचेरीत प्रत्येक संगणक सकाळी सर्व्हरकडून नियम, सामायिक फोल्डर, प्रिंटर मागून घेतो. लग्नघरात एका चुलीवर साऱ्या वऱ्हाडाचा चहा, तसंच ते! शिवाय काढून टाकलेल्या सर्व्हरचा पत्ता यादीत राहिला, तर संगणक त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. ते काम जाळं सांभाळणाऱ्याचं.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, म्हणून संगणक बदलायचे असतील तर गोष्ट निराळी. नाहीतर आठवडाभराची तुमची नोंद आधी साहेबांच्या टेबलावर ठेवा.