रतनपूरचा अस्त

चीनमध्ये नवा राजवंश सिंहासनावर आला की, पूर्वीच्या राजाने सदाचरणाबरोबर स्वर्गाचा आदेशही गमावला, असे दरबारी इतिहासकार लिहून ठेवीत. भिलाईतील आम्हां मराठी मंडळींना नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडातील सत्तेचा अस्त सांगताना राज्य खालसा करणाऱ्या गव्हर्नर-जनरल डलहौसीचे एक नाव पुरते, आणि ही दोन्ही स्पष्टीकरणे मला सारखीच सोयीची वाटतात. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या फौजेपुढे रतनपूरचे शतकानुशतकांचे हैहय राज्य फारशा प्रतिकाराविना नमले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरासच राहून कारभार पाहू लागले, आणि रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले. १७८७ साली ते वारले; वारस व्यंकोजी नागपुरास राहिले, मुलूख सुभेदारांच्या हाती गेला, परगण्यांची वसुली पोहोचली की दरबारचे समाधान होई, आणि रयतेने फिर्याद न्यावी असा धनी मात्र येथे उरला नाही. चीनच्या छिंग बादशाहीचीही सत्ता १९१२ च्या पदत्यागापूर्वी कित्येक दशके अशीच प्रांताधिकाऱ्यांकडे झिरपत गेली होती. १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना निवर्तले, राज्य खालसा झाले. परंतु छत्तीसगडापुरता त्याचा ऱ्हास, माझ्या मते, १७८७ मध्येच सुरू झाला होता.