वेव्ह : सही करण्याआधी समजून घ्यायचा शब्द

काही इंग्रजी शब्द शाळेच्या पुस्तकात फारसे भेटत नाहीत. ते थेट बँकेच्या पत्रात, कॉलेजच्या नोटिशीत किंवा वकिलाच्या कागदावर समोर येतात. ‘लेट फी वेव्ह केली आहे’, ‘प्रोसेसिंग चार्जेस वेव्ह होतील’, ‘लोन वेव्हर मिळाले’ ही वाक्ये आता आपल्या घरांतही बोलली जातात. म्हणून या महिन्यात आम्ही ‘वेव्ह’ हे क्रियापद घेतले आहे.

आधी स्पेलिंग पाहू. डब्ल्यू, ए, व्ही, ई असे लिहिले तर तो हात हलवण्याचा आणि समुद्राच्या लाटेचा शब्द. आपला शब्द वेगळा आहे. त्यात ए आणि व्हीच्या मध्ये आय येतो : डब्ल्यू, ए, आय, व्ही, ई. दोन्हींचा उच्चार अगदी एकच. त्यामुळे फी माफीच्या अर्जात हा आय गळला की ‘माझी फी सोडा’च्या ऐवजी ‘माझी फी हलवा’ असे काहीतरी होऊन बसते. ‘वेव्हर’चेही तसेच. आय असेल तर माफी किंवा हक्क सोडणे, नसेल तर डगमगणे. मुलांनी अर्ज लिहिताना एवढे जरूर पाहावे.

आता अर्थ. आपल्याकडे असलेला हक्क, आपले कोणाकडून असलेले येणे किंवा आपण लावू शकत असलेली अट आपण होऊन सोडून देणे, म्हणजे वेव्ह करणे. या वाक्याचा कर्ता नेहमी हक्काचा मालक असतो. दंड बँकेला मिळायचा असतो, म्हणून दंड वेव्ह करते ती बँक. ग्राहक फक्त विनंती करतो. जे आपले नाही ते आपल्याला वेव्ह करता येत नाही.

या शब्दाचा इतिहास कोर्टकचेरीतला आहे. इंग्लंडमध्ये नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळापासून कायद्याची भाषा फ्रेंच होती. त्या भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ होता टाकून देणे, वाऱ्यावर सोडणे. चोर पळताना चोरीचा माल रस्त्यात टाकून देई. त्या मालाला याच कुळातला ‘वेफ’ हा शब्द होता. मालकाने चोराचा पाठलाग केला नसेल, तर तो माल राजाच्या खजिन्यात जमा होई. पुढे ‘वेफ’ हा शब्द बेवारस, निराधार मुलांसाठी वापरला जाऊ लागला. 1881 साली लंडनमध्ये अशा मुलांसाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या नावातच हा शब्द होता.

आणखी एक गोष्ट भगिनींनी विशेष लक्षात घ्यावी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कोर्टात हजर न राहणाऱ्या पुरुषाला कायद्याबाहेर घोषित करत. स्त्रीला मात्र पुरुषाप्रमाणे कायद्याच्या शपथेत घेतलेलेच नसे, मग तिला कायद्याबाहेर कसे काढणार? म्हणून तिच्यासाठी ‘वेव्ह केली’ असे लिहीत, म्हणजे कायद्याने तिला टाकून दिले. आज हेच क्रियापद स्वेच्छेने सोडण्यासाठी वापरतात.

वापरात या शब्दाची काही शेजारच्या शब्दांशी गल्लत होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना मोरेटोरियमची मुभा दिली. अनेकांना वाटले, हप्ते माफ झाले. खरे तर ते पुढे ढकलले गेले होते आणि व्याज चालूच होते. बँक एखादे कर्ज ‘राइट ऑफ’ करते तेव्हाही ते फक्त तिच्या हिशेबाच्या वहीतून बाजूला काढलेले असते, कर्जदाराकडची वसुली थांबत नाही. वेव्ह केले तर मात्र येणे संपते. केंद्र सरकारच्या 2008 च्या शेतकरी कर्जमाफी योजनेच्या नावात ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द मुद्दाम ठेवले होते. अल्पभूधारक शेतकऱ्यांची पात्र थकबाकी पूर्ण माफ, हे वेव्हर. इतरांनी 75 टक्के भरले तर उरलेल्या 25 टक्क्यांची सूट, हा रिलीफ. पत्रात यांपैकी कोणता शब्द आहे, हे पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

कायद्यात वेव्हरची व्याख्या थोडक्यात अशी : माहीत असलेला हक्क जाणूनबुजून सोडणे. हक्क माहीतच नसेल तर तो सोडला असे होत नाही. काही हक्क तर सोडताच येत नाहीत. 1958 साली बशेशरनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यापुढील समानतेचा मूलभूत हक्क नागरिकालाही वेव्ह करता येत नाही.

आता आपल्या घरातल्या दोन कागदांकडे वळू. पहिला निकाहनामा. मेहरच्या रकान्यात ‘मुअज्जल’ लिहिलेले असते आणि इथेही ‘वेव्ह’सारखीच गंमत आहे. उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐन अक्षराचा मुअज्जल म्हणजे ताबडतोब द्यायची मेहर, हमजाचा मुअज्जल म्हणजे नंतर द्यायची. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. म्हणून कंसात ‘तत्काळ’ किंवा ‘मुदतीने’ असे लिहून घ्यावे.

ही मेहर पत्नी माफ करू शकते, पण सूरह निसाच्या चौथ्या आयतीने त्यासाठी तिच्या मनाच्या खुशीची अट घातली आहे. तरीही काही ठिकाणी पतीचा जनाजा घरात असताना शोकात बुडालेल्या बाईला ‘मेहर बख्श दे’ म्हणून सांगितले जाते. त्या क्षणी ती ‘हो’ म्हणाली, तर ती खुशी म्हणायची का? पतीच्या मृत्यूच्या दुःखात असताना दिलेली अशी माफी विधवेवर बंधनकारक नाही, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने ब्रिटिश काळातच दिला होता.

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा. वडिलांच्या पश्चात जमीन किंवा घर भावांच्या नावे करताना बहिणींच्या सह्या घेतात. ‘फक्त सही कर, फॉर्मॅलिटी आहे’ असे म्हटले जाते. ही फॉर्मॅलिटी नव्हे. सूरह निसाने ठरवून दिलेला वाटा त्या सहीने जातो आणि रजिस्टर झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. बहिणीने खुशीने भावाला द्यावे, त्याला कोणाची हरकत नाही. मात्र आधी तिचा वाटा किती, त्याची आजची किंमत काय, हे मोजून तिच्यासमोर ठेवावे. मग ती सोडेल किंवा ठेवेल. ठेवला म्हणून तिचे माहेर तुटू नये, ही जबाबदारी भावांची आहे.

तेव्हा कोणत्याही कागदावर ‘वेव्ह’, ‘वेव्हर’ किंवा ‘हक्क सोडत आहे’ असे दिसले की तीन प्रश्न विचारा. मी नेमके काय सोडत आहे? ते किती रुपयांचे आहे? आज ‘नाही’ म्हटले तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही चालणार’ असे आले, तर त्या दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, जाणत्या माणसाकडून वाचून घ्या आणि मगच ठरवा.