बोंबील पडद्यावर का दिसत नाही
वर्सोव्याच्या बोटीवर फिश फाइंडर बसवायचा तर पडदा किती इंची यापेक्षा तळाच्या ट्रान्सड्यूसरची जागा आधी ठरवा. पंख्याच्या फेसात तो सापडला की पडद्यावर नुसता कचरा दिसतो. उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झची ध्वनिलहर बारकावे दाखवते, खोल पाण्याला ५० ची लागते. पण खरी मेख माशाच्या पोटात आहे! आवाज मुख्यतः तिथल्या हवेच्या पिशवीवरून परततो. घोळ माशाचा बोत, म्हणजे हीच पिशवी, मोठा, त्याची खूण ठसठशीत उमटते. बोंबलाला ती पिशवीच नाही, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी अगदी क्षीण. बोंबलाची डोळ जाळी तर भरती-ओहोटीच्या ओढीवर लावतात, तिथे तांडेलाचा अंदाजच मोलाचा. अशा बोटीने हे यंत्र घ्यावं ते खोली मोजायला आणि खडकांपासून जाळं वाचवायला.