जुन्या जीपगाडीची खांदेमळणी

खंडेनवमीच्या दिवशीं आमच्या गांवांतील बहुतेक वाड्यांसमोर गाड्या धुऊन उभ्या असतात. त्यांस झेंडूच्या माळा असतात, टपावर कुंकवाचीं बोटें उमटलेलीं असतात. परंतु त्यांपैकीं किती गाड्यांच्या मागल्या आंसांतील तेल गेल्या वर्षांत कोणी पाहिलें, असें आम्हीं यंदा चारपांच स्नेह्यांस विचारलें, तेव्हां एकासहि खात्रीनें सांगतां आलें नाहीं. हा लेख लिहिण्यास तेंच निमित्त झालें.

चारहि चाकांस ओढ देणारी गाडी ही शेतकऱ्यास परकी नव्हे. अमेरिकेंत १९४५ सालीं विलीज कंपनीनें लष्करी जीप मुलकी रूपानें विकावयास काढली, ती शेतकरी डोळ्यांपुढें ठेवूनच. पुढें तीच गाडी मुंबईस महिंद्र कंपनीनें बनविली, आणि १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. ह्या दोन घराण्यांतील पुष्कळ गाड्या अद्याप आपल्या गोठ्यांशेजारीं उभ्या आहेत. घरांतील तरुण मंडळी त्या भंगारांत काढून कर्जानें नवी गाडी घेऊं पाहतात. आमचें मत असें कीं, ह्या गाड्या वयानें मरत नाहींत, हयगयीनें मरतात; आणि हयगय न सोडतां नवी गाडी घेणें म्हणजे तोच रोग कर्जासह घरांत आणणें होय.

पहिली हयगय अज्ञानाची. मळणीच्या खळ्यांत मेढीभोवतीं पात फिरते, तेव्हां कडेच्या बैलास मेढीजवळच्या बैलापेक्षां अधिक चालावें लागतें. गाडी वळतांना तसेंच होतें. पुढलीं चाकें मागल्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. परंतु ह्या जुन्या गाड्यांत पुढली ओढ जोडली म्हणजे दोन्ही आंस एकाच गतीनें बांधले जातात. चिखलांत चाकें थोडीं घसरतात व हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तीं घसरत नाहींत. मग सारा पीळ दांत्यांवर व क्रॉसांवर येतो. आम्हीं स्वतः एकदां उसाच्या फडांतून निघतांना दांडी तशीच जोडलेली ठेवून तालुक्याचा गांव गांठला. दांडी सुटेना, आणि परततांना पुढल्या दांड्याचा क्रॉस तुटला. चार पावलें गाडी मागें घेतली असती तर पीळ उतरून दांडी सुटली असती, हें मिस्त्रीनें नंतर सांगितलें. तेव्हां कठीण रस्ता लागतांच पुढली ओढ सोडावी. ह्याच कारणास्तव चारहि टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे. दोन नवे व दोन गुळगुळीत अशी काटकसर अंगाशीं येते.

उलट पक्षीं, पुढली ओढ वर्षभर न जोडणें हेंहि बरें नव्हे. महिन्यांतून एकदां मऊ मातींत फर्लांगभर गाडी चारहि चाकांवर चालवावी, म्हणजे वंगण सर्वत्र पोंचतें व दांडी गंजत नाहीं.

दुसरी हयगय तेलाची. इंजिनाचें तेल सर्वजण पाहतात. परंतु गिअरपेटी, तिच्यामागील ट्रान्सफर केस आणि पुढला व मागला आंस, अशीं आणखी चार ठिकाणें आहेत. जुन्या जीपेंत एका पेटींतील तेल झिजलेल्या सीलांतून दुसरींत उतरतें, म्हणून दोन्ही पातळ्या पाहाव्या. तेल बदलतांना आधीं भरण्याचें बूच उघडून पाहावें, मगच खालचें काढावें. वरचें गंजून बसलें असेल तर रिकामी पेटी घेऊन बसण्याची पाळी येते. तेल पुस्तिकेंत सांगितलेलेंच घालावें. आंसांस चालणारें जीएल-५ तेल जुन्या गिअरपेटींतील पितळी कड्यांस अपाय करूं शकतें. तेथें बहुधा जीएल-४ लागतें.

ओढ्याच्या पाण्यांतून गाडी काढली असेल तर दुसऱ्याच दिवशीं आंसांचें तेल पाहावें. तापलेला आंस थंड पाण्यांत शिरला म्हणजे आंतील हवा आकसते. वरील श्वासनळी मातीनें बुजली असल्यास ती सीलांवाटे पाणी शोषून घेते. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर तें त्याच दिवशीं बदलावें. तेलास पडणारे पैसे बेअरिंगांच्या पैशापुढें कांहींच नव्हेत. पुढल्या चाकामागील लोखंडी गोळ्यावर पातळ तेल ओघळलेलें दिसलें तर आंतील सील गेलें असें समजावें. तें तेल ग्रीस धुऊन नेतें आणि अखेर ब्रेकांत उतरतें.

तिसरी गोष्ट आमच्याच दारची आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यांत आमच्या उसाचाहि वाटा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबर त्यासाठीं केलेलें नव्हतें. तें फुगतें, मऊ पडतें आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतें. नळ्या व पडदे नव्या जातीच्या रबराचे बसवून घ्यावे. इथेनॉल ओलावा शोषतें, म्हणून पावसाळ्यांत महिनोन् महिने टाकींत पेट्रोल सांठवून गाडी उभी ठेवूं नये. रासायनिक खताचीं पोतीं वाहिल्यावर फळी व सांगाडा पाण्यानें धुवावा. सांडलेलें खत लोखंड खातें.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षां गाडी विकलेली बरी. ज्या गाडीचा सांगाडा कमानींच्या बैठकीशीं तडकला आहे वा आंतून सडला आहे, तिच्याविषयीं आम्हीहि हेंच म्हणतों. मात्र ती भंगारांत द्यावी, रंग फांसून शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधूं नये. ब्रेक व स्टिअरिंग ह्यांत स्वस्त सुटा भाग कधींहि घालूं नये. परंतु सांगाडा धड असेल तर वर्षांतून चार दिवसांची मेहनत आणि एक वही एवढेंच भांडवल पुरतें. त्या वहींत तेल केव्हां बदललें, कोणतें घातलें, काय उघडलें हें तारखेसह लिहावें. मिस्त्री बदलतात, वही राहते.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलांची खांदेमळणी करतों. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यास हळद-लोणी चोळतों, आणि दुसऱ्या दिवशीं झूल घालतों. वडिलांनीं क्रम ठरविला तो असा: आधीं खांदा, मग झूल. आपल्या गाडीच्या बाबतींत आपण केवळ झूल तेवढी घालीत आलों. पुढल्या खंडेनवमीस माळ घालण्यापूर्वीं वाचकांनीं एकदां पाना हातीं घेऊन गाडीखालीं शिरावें, एवढीच आमची विनंति आहे.