बाटलीला पैसे आहेत, तपासणीला का नाहीत?



ताप उतरला, पण अंगात त्राण नाही. यंत्रमागावरचा किंवा विड्या वळण्याचा एक दिवस बुडवून आपण दवाखान्यात जातो आणि आपणच म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका." डॉक्टर लावतात. बाटली संपते, मजुरी संपते, आणि घरी येऊन आपण सांगतो, "बरं वाटलं बघा."

पुढच्या वेळी त्या बाटलीवरचं लेबल वाचा. पाच टक्के डेक्स्ट्रोज, ५०० मिलिलीटर. म्हणजे पाण्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते आणि सुई टोचत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत तर साखरही नाही, साडेचार ग्रॅम मीठ आहे. त्यात बी-कॉम्प्लेक्स सोडलं की पाणी पिवळं होतं आणि बिल फुगतं. ताकद त्यात नाही.

सलाईन वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. उलट्या थांबत नाहीत, पोटात पाणी ठरत नाही, शुद्ध हरपते आहे, अशा वेळी सलाईन जीव वाचवते. पण नुसत्या जुलाबालाही बहुतेकदा ती लागत नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्याच पाण्याची पुडी आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. फुकट मिळते म्हणूनच बहुधा तिला कोणी विचारत नाही!

"अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे," असं आपण म्हणतो. सर्दी-पडसं आठवड्यात आपोआप जातं. तिसऱ्या दिवशी ज्याने गोळी दिली, गुण त्याच्या नावावर जमा होतो. म्हणून औषधाची पारख एकट्या रोग्याच्या अनुभवावरून होत नाही. चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निकामी गोळी, आणि शेवटी मोजायचं. असं मोजून झालेलं आहे: साध्या सर्दीत अँटिबायोटिकने माणूस लवकर बरा होत नाही. जुलाब आणि अंगावर पुरळ मात्र होऊ शकतं, आणि खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत.

लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकांनी सुमारे ३००० उपचारांचा पुरावा तपासला. नक्की उपयोगी ठरले ११ टक्के. जवळपास निम्म्यांबाबत पुरेसा पुरावाच नव्हता. उपयोगी ठरले त्यांत महागडेच होते असंही नाही. एप्रिल २०२१ मधली कोविडची लाट आठवा. रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते, काळ्या बाजारात मागेल तो भाव देत होते. त्याच्या सहा महिने आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या ३० देशांतल्या चाचणीचा प्राथमिक निकाल आला होता: मृत्यूंवर फारसा परिणाम नाही. प्लाझ्माचंही तेच. आपल्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या ३९ रुग्णालयांत तपासून २०२० मध्येच सांगितलं होतं की त्याने मृत्यू टळत नाहीत. आणि व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करणारं डेक्सामेथासोन काही रुपयांत मिळत होतं. कोणाच्याही दारात त्यासाठी रांग लागली नाही.

आता घरची गोष्ट. सर्वांत ठोस पुराव्यांपैकी एक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या रुग्णालयाने उभा केला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियलला सोबत घेऊन, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी), तीही आयुष्यात एकदाच. दुसऱ्या गटात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात काहीच नाही. आठ वर्षांनी मोजलं. काहीच न केलेल्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. जवळपास निम्मे. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी अशी घट झाली नाही. २००९ मध्ये हा निकाल जगभर छापून आला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती. त्या ६४ जणींच्या जिवावर जगाला उत्तर मिळालं. निदान त्यांच्या लेकीसुनांना तरी त्याचा लाभ व्हायला हवा होता की नाही? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांतल्या दोघींचीही ही तपासणी, कुठल्याही पद्धतीने, कधी झालेली नव्हती. सरकारी कार्यक्रमाची भिस्त अजून डोळ्यांनी पाहण्यावरच. ती दर दोन वर्षांनी, नीट शिकवलेल्या हातांनी केली तर उपयोग होतो, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने दाखवलं. एकदाच उरकली तर काय होतं, ते धाराशिवने दाखवलं.

बिनकामाची बाटली गल्लोगल्ली मिळते. जीव वाचवणारी तपासणी, जिचा पुरावा बार्शीने जगाला दिला, ती विडी कामगार बाईला तिच्या वस्तीतल्या दवाखान्यात मिळत नाही. हा नुसता दुर्दैवाचा भाग नाही. ज्यात रोजचा नफा आहे ते विकलं जातं, आणि आपण "लावून टाका" म्हणत त्याला गिऱ्हाईक पुरवतो.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. रक्तदाबाच्या, साखरेच्या, टीबीच्या गोळ्या हे पत्रक वाचून बंद करू नका. त्यांचा पुरावा भक्कम आहे. आणि हीच कसोटी काढ्याला, भस्माला, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांनाही लावा. तिथे सूट नाही.

महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे आमची मागणी एकच आहे: तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला एचपीव्ही चाचणी मोफत द्या आणि दोष आढळला तर उपचार होईपर्यंत पाठपुरावा करा. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या राज्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नसेल तर विचारा.

डॉक्टरांनाही विचारा, अदबीने पण स्पष्ट: "याने काय फायदा होतो? हे नाही घेतलं तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

आणि बायांनो, या महिन्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, एचपीव्ही चाचणी मागा. नाही म्हणाले तर ते 'नाही' लेखी मागा.

(पत्रक वाचून झाल्यावर शेजारी द्या.)